लक्ष कुणाचं कमी पडलं

अमेरिकेतल्या पार्सिपनीत देवानंद मेश्रामशी अनोळखी माणसं सरळ स्पॅनिशमध्ये बोलायला लागतात. किराणा दुकानात, गाडी धुवायच्या ठिकाणी, एकदा तर चक्क दाताच्या डॉक्टरकडे. सावळा रंग, भरघोस मिशा, भरदार बांधा आणि बोलण्याआधी किंचित हसायची सवय. समोरच्याला वाटतं, हा आपलाच, मेक्सिकोकडचा नाहीतर पेरूकडचा. सुरुवातीला तो खुलासा करत बसायचा की मी इंडियाचा, नागपूरचा, संत्री माहीत आहेत का वगैरे. मग कंटाळला. आता तो "सी, सी", म्हणजे हो, हो, म्हणतो आणि पुढे सरकतो. त्याची बायको शीला म्हणते, या माणसाला कुणाची चूक दुरुस्त करायची म्हटलं की जिवावर येतं. पूर्वी ती हे हसून म्हणायची. यंदाच्या हिवाळ्यात तिने ते म्हणणंच बंद केलं होतं, आणि त्याला कारण होतं.

तसा देवानंद अभिमानी माणूस. अभिमान त्याच्या घरात पूर्वीपासून आहे आणि तो कष्टाने मिळवलेला आहे. वडील नागपुरातल्या इंदोऱ्याचे मेश्राम गुरुजी, महापालिकेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज डॉक्टर आहेत, तहसीलदार आहेत, आणि गुरुजी अजूनही त्यांना भर रस्त्यात थांबवून शुद्धलेखन विचारतात. देवानंद त्या घरातला पहिला इंजिनिअर. एका औषध कंपनीचं नेटवर्क तो सांभाळतो आणि तिथले लोक त्याला मानतात. पार्सिपनीच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच भिंतीला लावून मुलीचं अभ्यासाचं टेबल. टेबल तिथे का ठेवलंय, हे मेश्रामांकडे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. अभ्यासाला बसणं ही त्या घराची इज्जत आहे.

शीलाची मजल तर त्याच्याही पुढची. ती चंद्रपूरची, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी. लग्न होऊन इथे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. कितीतरी वर्षं ती घरात बसून राहिली, हातातली विद्या गंजते की काय या धास्तीने जुनी पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचत. परवानगी मिळाल्यावर इथली परीक्षा दिली आणि नापास झाली. पुन्हा दिली, पुन्हा नापास. तेव्हा रुही पोटात होती. रुही चालायला लागल्यावर तिने तिसऱ्यांदा दिली आणि पास झाली. आता ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करते. पास झाल्याचं कळलं त्या दिवशी मेश्राम गुरुजींनी विहारात पेढे वाटले, आणि तेव्हापासून रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना ते एकच वाक्य ऐकवायचे, "माझी सून अमेरिकेत रक्त तपासते."

तर अशा घरात रुही जन्माला आली.

रुही आठ वर्षांची. मोजे आणायला वरच्या मजल्यावर गेली की शेजाऱ्यांचं मांजर घेऊन मागच्या दाराने परत येते. पाढे सोफ्यावर उलटी लटकून म्हणते आणि बरोबर म्हणते. सरळ बसवली की साताच्या पाढ्यातच अडकते. वर्गात बाईंनी काल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला आज येतं, आणि आजच्या प्रश्नाच्या वेळी ती खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी बघत असते. डबा शाळेत राहतो, कोट बसमध्ये राहतो, एकदा तर एकच बूट घालून घरी आली आणि दुसऱ्याचं काय झालं हे तिला खरोखरच आठवेना. आणि हीच पोरगी स्ट्रॉचा पूल बांधायला बसली की दुपारभर पाणीसुद्धा मागत नाही.

त्या पुलावर देवानंदचा सगळा युक्तिवाद उभा होता. तो शीलाला म्हणायचा, बघ, आवडीचं असलं की कसं जमतं, म्हणजे हा नुसता आळस आहे, नाहीतर हट्ट. मग त्याने तिला रोज सकाळी आपल्याबरोबर आनापानाला बसवायचं ठरवलं. डोळे मिटायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे फक्त बघायचं, एवढी साधी गोष्ट. रुहीने डोळे मिटले, अर्धं मिनिट बघितलं आणि अतिशय आपुलकीने सांगितलं, "बाबा, युअर नोज इज व्हिसलिंग." शीला स्वयंपाकघरात हसू दाबत होती. देवानंदला हसू आलं नाही. ज्या घराने शिकण्यावर सगळं उभं केलं, त्या घरातली पोरगी एका जागी बसू शकत नाही, ही गोष्ट त्याला आतून खात होती. जयंतीच्या कार्यक्रमात लोक आपापल्या मुलांचं कौतुक सांगायला लागले की तो चहा आणायला उठायचा.

शेवटी शाळेनेच सांगितलं म्हणून शीला तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या, शाळेच्या बाईंशी बोलणं झालं, आणि डॉक्टरांनी शांतपणे निदान सांगितलं, एडीएचडी. बऱ्याच मुलांना असतो, मेंदूची घडण जन्मतःच जरा निराळी असते, आईवडिलांच्या वागण्याने तो होत नाही, पण त्यांच्या मदतीने मूल फार पुढे जाऊ शकतं, असं ते म्हणाले. शीलाने खोलात जाऊन प्रश्न विचारले. देवानंद भिंतीवरचं मेंदूचं चित्र बघत बसला.

खरा घोटाळा झाला तो पुढच्या रविवारी. रविवारी सकाळी नागपूरला फोन, हा नेम. गुरुजींनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? देवानंदने ते नाव मराठीत आणायचा प्रयत्न केला. अटेन्शन म्हणजे लक्ष, डेफिसिट म्हणजे कमी. शब्दावर शब्द ठेवला आणि इंजिनिअर माणसाला वाटलं, झालं काम.

"लक्ष कमी पडतंय म्हणाले, बाबा."

मग गुरुजी म्हणाले, "पडणारच की बेटा. आई पहाटे घरातून निघते. लेकराकडे लक्ष कोण देईल?"

आता मराठीत 'लक्ष कमी पडतंय' म्हटलं की कुणाचं, हे कुणी विचारत नाही. लेकराच्या बाबतीत लक्ष कमी पडतं ते आईचंच. बापाचंसुद्धा नाही. गुरुजींनी जे ऐकलं ते त्यांच्या परीने अगदी बरोबर होतं. तसं नाही, रुहीला स्वतःला लक्ष एका ठिकाणी धरायला जड जातं, एवढं एक वाक्य देवानंदने तिथल्या तिथे टाकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तो मूग गिळून बसला. वडिलांना त्याने जन्मात कधी दुरुस्त केलं नव्हतं, हे एक. आणि दुसरं असं की ती चूक त्याला मनातून बरी वाटली. मेश्राम गुरुजींच्या नातीच्या मेंदूत काही आहे, हे गिळण्यापेक्षा बायको घरी कमी असते हे गिळायला सोपं होतं. नोकरी सोडता येते. मेंदू कुठे सोडता येतो?

नागपूरला मग या विषयाला पाय फुटले. देवानंदच्या बहिणीने शीलाला लांबलचक मेसेज पाठवला की पैसा काय, येत राहील. कुण्या मावशींनी बदामाचा उपाय कळवला आणि खाली लिहिलं की आईच्या मायेसारखं औषध नाही. गुरुजी दर रविवारी विचारायचे, "मग, काय ठरवलं शीलाने?" पेढे वाटणारा सासरा विचारतोय म्हटल्यावर शीलाला ते जास्तच लागायचं. ती पहाटे लॅबला जायची, दुपारी परत येऊन रुहीला शाळेतून आणायची, संध्याकाळी तिच्याबरोबर उलटी-सुलटी होऊन पाढे घ्यायची आणि तरी तिला वाटायला लागलं होतं की आपलंच कुठेतरी चुकतंय.

मार्चमधल्या एका रात्री जेवताना ती म्हणाली की सोमवारी लॅबमध्ये राजीनामा देणार. आवाज चढवला नाही, भाजी वाढता वाढता सांगितलं. देवानंद म्हणाला, नीट विचार कर. पण तो अशा सुरात म्हणाला की त्याचा अर्थ 'बरं झालं' असा होत होता, आणि शीलाला तो बरोबर कळला. दुसऱ्या दिवशी संजीवला, म्हणजे त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या पुण्याच्या मित्राला, देवानंदने सांगूनही टाकलं की शीलाला जरा ब्रेक हवाय. रुहीचं निदान मात्र संजीवला, आणि मराठी मंडळातल्या कुणालाच, त्याने सांगितलं नव्हतं.

त्या गुरुवारी शाळेत एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी संध्याकाळची बैठक होती. शीलाला कुणाच्या तरी बदली लॅबमध्ये थांबावं लागणार होतं. ती म्हणाली, आजवर सगळीकडे मी गेले, ही एक तुम्ही करा. देवानंद निमूटपणे गेला. शाळेच्या दारात पालकांना वाट दाखवायला एक हसतमुख बाई उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या मिशांकडे एकदा बघितलं आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगून डावीकडच्या खोलीकडे हात केला. देवानंद सवयीने "सी, सी" म्हणाला आणि डावीकडे गेला.

ती स्पॅनिश बोलणाऱ्या पालकांची खोली होती. इंग्रजी बोलणारे उजवीकडे होते. हे त्याच्या लक्षात येईपर्यंत कुणीतरी त्याच्या हातात कॉफी आणि गोड पाव दिला होता, आणि शेजारच्या गृहस्थांनी खांद्यावर थाप मारून जागा करून दिली होती. आता उठून जाणं बरं दिसेना. शिवाय त्याला वाटलं, काही कळणार नाही तेच बरं, हजेरी लावू आणि घरी जाऊ. पण तसंही झालं नाही. शाळेच्या मानसशास्त्रज्ञ बाई इंग्रजीत बोलत होत्या आणि सिल्विया नावाची एक तरुण दुभाषी प्रत्येक वाक्य स्पॅनिशमध्ये सांगत होती. म्हणजे इंग्रजीतलं सगळं देवानंदला कळत होतं, आणि भाषांतर चालू असताना लोकांचे चेहरे बघायला त्याला मोकळा वेळ होता.

बाईंनी एडीएचडी म्हणजे काय ते सांगितलं. सिल्वियाने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यातला एक तुकडा देवानंदच्या कानाला ओळखीचा वाटला, 'फाल्ता आतेन्सिओन', म्हणजे अटेन्शन कमी, असंच काहीतरी. आणि खोलीतले चेहरे बदलले. काही आयांनी माना खाली घातल्या. एका बापाने बायकोकडे बघितलं, आणि ते बघणं देवानंदला फार ओळखीचं वाटलं. मग पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. येसेनिया तिचं नाव, एका हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिचा माटेओ रुहीच्याच वर्गात होता. दुभाषीला हाताने थांबवून ती थेट मानसशास्त्रज्ञ बाईंशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागली.

ती म्हणाली, "माझी सासूही हेच म्हणते, आणि आता तुम्हीही. आईचं लक्ष नाही म्हणून मुलगा असा. मी नोकरी सोडली. वर्ष होत आलं. दिवसभर त्याच्याजवळच असते. मुलगा तसाच आहे. अजून किती लक्ष देऊ?"

ती रडत नव्हती. तिला राग आला होता आणि तो राग दमलेला होता. मानसशास्त्रज्ञ बाई गोंधळल्या. त्या म्हणाल्या की असं मी बोललेच नाही, मी तुमच्याबद्दल काहीच बोलले नाही. सिल्विया म्हणाली, मी तर शब्दशः तेच सांगितलं. दोघींचंही खरं होतं, आणि येसेनिया पर्स उचलून निघाली.

त्या खोलीत काय चुकलंय हे समजणारा देवानंद एकटाच होता, कारण तीच चूक तो स्वतः करून बसला त्याला फार दिवस झाले नव्हते. त्याच्या डोळ्यांसमोर सोमवार आला. शीला राजीनामा देईल, घरी बसेल, एक वर्ष जाईल, रुही सोफ्यावर तशीच उलटी लटकत असेल आणि शीला अशीच कुठल्यातरी खोलीत उभी राहून विचारेल की अजून किती लक्ष देऊ. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज एवढी मोठी होती की तिच्यापुढे त्याचा भिडस्तपणा टिकला नाही.

तो उभा राहिला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ज्याचा आवाज फक्त नेटवर्क बंद पडल्यावर ऐकू येतो, तो माणूस अनोळखी लोकांसमोर इंग्रजीत म्हणाला की थांबा, घोटाळा शब्दात आहे. त्याने सांगितलं की मी इंडियाचा, चुकून या खोलीत आलो, पण माझ्या भाषेतही हेच झालं. आम्ही म्हणतो लक्ष कमी, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आईने लक्ष कमी दिलं. डॉक्टरांना म्हणायचंय की लक्ष मुलाचं. मुलाला आपलं लक्ष हवं तिथे नेता येत नाही. आईने किती दिलं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

सिल्वियाने कपाळावर हात मारला. मग तिने सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी घाई न करता, हातवारे करून, मुलाचं डोकं आणि त्याचं भिरभिरणारं लक्ष दाखवत. खोलीत कुजबुज झाली, कुणीतरी हसलं, आणि ज्या बापाने बायकोकडे तसं बघितलं होतं त्याने आता पायांकडे बघितलं. येसेनिया दारातच थांबून ऐकत होती. ती परत आली, देवानंदच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि त्याला धन्यवाद म्हणाली. मग तिने साधी चौकशी केल्यासारखं विचारलं, "तुमच्या घरच्यांना तुम्ही दुरुस्त करून सांगितलंत ना?"

देवानंद म्हणाला, "अजून नाही."

आपल्या बशीतला उरलेला पाव तिने मोडला आणि अर्धा त्याला दिला. त्या बाईसमोर तो अर्धा पाव खाताना देवानंद अगदी कानकोंडा झाला होता.

घरी आला तेव्हा शीला नुकतीच येऊन बूट काढत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, खोली चुकल्यापासून येसेनियाच्या प्रश्नापर्यंत. शेवटी म्हणाला, तू राजीनामा देऊ नकोस, त्या दिवशी बाबांचा गैरसमज झाला होता.

शीला म्हणाली, "मला माहीत आहे. फोन स्पीकरवर होता. मी इथेच पोळ्या करत होते."

देवानंद जिन्याच्या पायरीवर बसला.

"मला वाटलं, तुम्ही आता बोलाल, मग बोलाल. पुढच्या रविवारी बोलाल. तुम्ही बोलला नाहीत, तेव्हा मला वाटायला लागलं की तुम्हालाही तसंच वाटतं." मग ती म्हणाली, "आता हे मला कशाला सांगता? नागपूरला सांगा. रविवारपर्यंत वेळ आहे."

शुक्रवार आणि शनिवार देवानंदने शब्द शोधण्यात घालवले. वडिलांशी इंग्रजी चालणार नव्हतं, आणि मराठीत घोडं तिथेच पेंड खात होतं. 'चंचल' म्हटलं तर गुरुजी म्हणणार, लहानपणी कोण नसतं. 'एकाग्रता नाही' म्हटलं तर म्हणणार, सवय लावा. 'मेंदूचा आजार' म्हटलं तर घाबरून जाणार, आणि ते खरंही नव्हतं. इंटरनेटवर एक सरकारी छापाचा शब्द सापडला, अवधान-न्यूनता, तो त्याला स्वतःलाच धड उच्चारता येईना. शनिवारी संध्याकाळी त्याने रुहीला ताटं मांडायला सांगितलं आणि या वेळी न ओरडता नुसता बघत उभा राहिला. पोरीने एक ताट मांडलं. मग तिने सांगितलं की फ्रिजचा आवाज थांबलाय. शेजारच्या काकांची गाडी आली, आज त्यांनी गॅरेज उघडं ठेवलंय. कुकरची दुसरी शिट्टी पहिलीपेक्षा बारीक होती. आई दमली आहे, तिच्या चालण्यावरून कळतं. देवानंदला यातलं काहीच कळलं नव्हतं. ताटं राहिली ती राहिली, पण त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदा आपल्या मुलीचा अभिमान वाटला, आणि शब्द नाही तरी सांगायचं कसं, ते सापडलं.

रविवारी सकाळी त्याने स्वतः फोन स्पीकरवर टाकला. शीला समोर बसली. तिकडे संध्याकाळ होती, गुरुजी नुकतेच फिरून आले होते. जय भीम झालं, तब्येत झाली, उन्हाळा लवकर सुरू झाल्याचं झालं.

"बाबा, मला एक सांगायचंय. मी तुम्हाला रुहीबद्दल चुकीचं सांगितलं. आणि तुम्ही जे समजलात, ते मी तसंच राहू दिलं."

"काय चुकीचं सांगितलं?"

"तुम्ही वर्गात जायच्या आधी पोरं काय करायची?"

"काय करतील? गोंधळ. पन्नास पोरं एकदम बोलायची." गुरुजींना या प्रश्नाचं नवल वाटलं होतं, पण विषय वर्गाचा निघाला म्हणून आवाजात जोर आला. "मी दारात दिसलो की चूप."

"रुहीच्या डोक्यात तसा वर्ग आहे, बाबा. पन्नास पोरं, सगळी हुशार, सगळी एकदम बोलून राहिली. फक्त गुरुजी वेळेवर येत नाहीत. ते असंच जन्मापासून आहे. शीला घरी बसली म्हणून ते लवकर येणार नाहीत. तिची यात काहीच चूक नाही. उलट त्या वर्गात थोडीफार शिस्त आहे ती तिच्यामुळे."

एवढं बोलून तो थांबला. शेहेचाळीस वर्षांचा घोडा, पण वडिलांसमोर एवढं लांब भाषण त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

गुरुजींनी पलीकडे खुर्ची ओढून घेतली. मग विचारलं, "इतके दिवस काहून नाही बोललास?"

"तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

"आणि तिनं ऐकून घेतलं सगळं?"

"हो."

"तिला दे फोन."

शीलाने फोनकडे बघितलं, पण उचलला नाही. स्पीकर चालूच होता. ती म्हणाली, "बोला बाबा, मी ऐकतेय."

"बेटा, राजीनामा दिला का?"

"उद्या देणार आहे."

"देऊ नको." गुरुजी खाकरले. "मी मास्तर माणूस. लोकांच्या चुका काढल्या आयुष्यभर, स्वतःची कबूल करायची सवय नाही. चुकलो मी. तू त्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलीस तेव्हा मी इथं विहारात सांगितलं होतं की ही पोरगी हटणार नाही. अन् मीच तुला हटवायला निघालो."

शीलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही. ती म्हणाली, "बाबा, मला सोडायची नव्हती हो नोकरी."

"मग नको सोडू. मी आहे ना सांगायला. जे कोणी विचारतील त्यांना मी सांगतो."

आणि गुरुजींनी खरंच सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला आणि त्या बदामवाल्या मावशींना फोन करून हा विषय बंद करायला लावला, हे देवानंदला नंतर कळलं. रुहीच्या औषधाचं, शाळेत तिला द्यायच्या सवलतींचं, सगळं अजून व्हायचं होतं आणि त्यात सोपं काहीच नव्हतं. पण त्या रविवारी शीलाने मनापासून जेवण केलं आणि देवानंदच्या जिवात जीव आला. तरी ती त्याच्याशी दिवसभर मोजकंच बोलली. त्याला तिने इतक्यात माफ केलं नव्हतं, आणि तो त्याच लायकीचा होता.

सोमवारी पहाटे शीला नेहमीच्या वेळी लॅबला गेली. रुहीची सकाळ पहिल्यांदाच देवानंदकडे आली. मोजे आणायला तो तिच्याबरोबर वर गेला, दात घासताना शेजारी उभा राहिला, एकेक काम सांगितलं, आणि एक झाल्याशिवाय दुसरं सांगितलं नाही. घामाघूम होऊन दोघं बस-स्टॉपवर पोचले तेव्हा रुहीच्या दोन्ही पायांत बूट होते. तिथे संजीव आपल्या अर्णवला सोडायला आला होता, आणखी चार-पाच पालक होते. संजीवने देवानंदचा अवतार बघून हसत विचारलं, काय यार, आज तू ड्यूटीवर? वहिनींचा ब्रेक आजपासून का?

तेवढ्यात बस आली. रुही चढली, परत उतरली, देवानंदच्या हातातून डबा घेतला आणि पुन्हा चढली.

"कसला ब्रेक?" देवानंद म्हणाला. "शीला पहाटेच लॅबला गेली. आमच्या रुहीला एडीएचडी आहे. तिची सकाळ आता मी बघतो."

संजीवने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "अरे, हळू बोल. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत की," देवानंद म्हणाला, आणि ज्यांना नीट ऐकू गेलं नसेल त्यांच्यासाठी त्याने ते पुन्हा एकदा इंग्रजीत सांगितलं.